मेंदूज्वराचे कारण आणि ‘कारण’ या शब्दाचा अर्थ

‘अ‍ॅक्यूट एन्सेफलायटिस सिंड्रोम’ म्हणजेच तीव्र मेंदूज्वर, हे लक्षणांच्या एका जुळणीला दिलेले नाव आहे. अचानक चढलेला ताप आणि त्याबरोबर हरपत चाललेली शुद्ध किंवा नव्याने आलेली आकडी, एवढे दिसले की रुग्ण या सदरात मोजावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या आहे. वय कोणतेही असो, ऋतू कोणताही असो. तापात लहान मुलांना येणारी साधी आकडी तेवढी यातून वगळतात. व्याख्या मुद्दाम सैल ठेवलेली आहे, कारण मोठे जाळे टाकल्याशिवाय जपानी मेंदूज्वराचे रुग्ण निसटून जातात. मात्र मोठ्या जाळ्यात नको तेही सापडते. विषाणू, जिवाणू, विष, रक्तातली साखर एकदम उतरणे, शरीराने स्वतःच्याच मेंदूवर केलेला हल्ला, यांपैकी काय झाले ते खाटेवरच्या मुलाकडे पाहून सांगता येत नाही. म्हणून पाठीच्या कण्यातले पाणी काढतात, रक्त घेतात, नमुने बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पाठवतात आणि विचारतात, ‘कशाने झाले?’ प्रश्न वैद्यकाचा आहे खरा, पण त्याचा निम्मा भार तत्त्वज्ञानावर पडतो. ‘कशाने’ या तृतीयेत काय काय बसते, हे आधी ठरवावे लागते.

जंतुशास्त्राने या प्रश्नाला एक करकरीत उत्तर दिले होते. रॉबर्ट कॉख याने १८८२ मध्ये क्षयाचा जंतू दाखवला आणि त्या कामातून कारण ओळखण्याच्या कसोट्या रूढ झाल्या. जंतू प्रत्येक रुग्णात सापडावा, निरोगी माणसात सापडू नये, शरीराबाहेर शुद्ध स्वरूपात वाढवता यावा आणि निरोगी प्राण्यात घातला की तोच रोग व्हावा. कसोट्या देखण्या होत्या, पण टिकल्या नाहीत. पटकीचा जंतू पोटात बाळगून हिंडणारी धडधाकट माणसे खुद्द कॉखलाच आढळली. १८९२ मध्ये म्युनिचच्या माक्स फॉन पेटेनकोफर याने पटकीच्या जंतूंनी भरलेला काढा सर्वांसमक्ष पिऊन टाकला. थोडे पोट बिघडले, एवढेच. जंतू हा तीनांतला एक, स्थळाची अवस्था दुसरी, माणसाची प्रवणता तिसरी, असे त्याचे म्हणणे होते. पटकीच्या बाबतीत पेटेनकोफर चुकला हे पुढे सिद्ध झाले, पण त्याने विचारलेला प्रश्न चुकीचा नव्हता. विषाणू आले तेव्हा तर कॉखच्या कसोट्या आणखी अडखळल्या, कारण विषाणू जिवंत पेशीशिवाय वाढतच नाही. १९३७ मध्ये टॉमस रिव्हर्स याने विषाणूंसाठी त्या सैल करून मांडल्या.

भारतीय तर्कशास्त्रात हा वाद फार आधीपासून आणि फार बारकाईने झालेला आहे. न्यायमताप्रमाणे कार्याच्या आधी नियमाने असणारे आणि ‘अन्यथासिद्ध’ नसणारे ते कारण. व्याख्येचे बळ या दुसऱ्या अटीत आहे. घडा तयार होण्याआधी माती असते, कुंभार असतो, चाक आणि दांडा असतो. पण माती वाहून आणणारे गाढवही असते, कुंभाराचा बापही होऊन गेलेला असतो आणि दांड्याला काहीतरी रंग असतोच. हे सगळे घड्याच्या आधीचे आहे, तरी घड्याचे कारण नाही. बापाचे काम कुंभार जन्माला घालण्यात संपले. गाढवाचे काम गाडीनेही झाले असते. विश्वनाथाच्या ‘भाषापरिच्छेदा’त अशा अन्यथासिद्धांचे पाच प्रकार सांगितले आहेत, आणि नैयायिकांच्या शाळेत शतकानुशतके पोरांनी हे गाढव घोकलेले आहे.

मेंदूज्वराच्या तपासातला बराचसा वेळ हे गाढव ओळखण्यातच जातो. बेशुद्ध मुलाच्या विष्ठेत एंटेरोव्हायरस सापडला, तर तो मेंदूतही पोचला असेलच असे नाही. अस्वच्छ पाण्यावर वाढणाऱ्या कित्येक मुलांच्या आतड्यात तो काही न करता येऊन जातो. हिवतापाच्या प्रदेशात रक्तात हिवतापाचे परजीवी दिसले, तरी आकडी त्यांच्यामुळेच आली असे ठरत नाही. जपानी मेंदूज्वराची आयजीएम प्रतिपिंडे नुसत्या रक्तात मिळणे आणि मेंदूभोवतीच्या पाण्यात मिळणे यांत म्हणूनच फरक करतात: रक्तातली प्रतिपिंडे नुकत्याच होऊन गेलेल्या निरुपद्रवी संसर्गाचीही असू शकतात, कण्यातल्या पाण्यातली बहुधा मेंदूतल्या लढाईची असतात. ‘सापडला’ आणि ‘कारण ठरला’ या दोन क्रियापदांमधले अंतर कापण्यासाठीच प्रयोगशाळेची सारी यातायात असते.

चंडीपुरा विषाणूची हकिगत या अंतराचे उत्तम उदाहरण आहे. १९६५ मध्ये नागपूर भागात तापाची साथ होती. तिचा तपास करताना पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला (एनआयव्ही), चंडीपुरा गावातल्या दोन तापकऱ्यांच्या रक्तात एक नवा विषाणू मिळाला. रुग्ण प्रौढ होते. मेंदूवर काही परिणाम दिसला नव्हता. विषाणूला गावाचे नाव मिळाले आणि पुढे जवळजवळ चार दशके तो वाळूमाशीतून पसरणारा एक बिनमहत्त्वाचा विषाणू म्हणून नोंदीत पडून राहिला. मग २००३ च्या जून ते ऑगस्टमध्ये आंध्र प्रदेशात ३२९ मुले मेंदूज्वराने आजारी पडली आणि त्यांतली १८३ दगावली. कित्येक मुले दवाखान्यात आणल्यापासून चोवीस तासांच्या आत गेली. परिचित विषाणूंचा मागोवा निष्फळ ठरला आणि एनआयव्हीच्या हाती आला तो हाच जुना चंडीपुरा. त्या वर्षी साथीची झळ महाराष्ट्रालाही बसली.

सापडला, पण कारण होता का? काही भारतीय डॉक्टरांनी शंका घेतली, आणि ती हट्टाची नव्हती. याच विषाणूची प्रतिपिंडे ठणठणीत प्रौढांतही मोठ्या प्रमाणात मिळतात. मूल इतक्या झपाट्याने जाते की प्रतिपिंडे तयार व्हायला वेळच मिळत नाही, म्हणजे नेहमीची रक्तचाचणी अशा वेळी मुकी असते. पुरावा जमला तो अनेक वाटांनी: विषाणूची जनुकीय खूण, रुग्णांच्या नमुन्यातून वाढवलेला प्रत्यक्ष विषाणू, वाचलेल्या मुलांत वाढत गेलेली प्रतिपिंडे. नैयायिक याला अन्वय आणि व्यतिरेक तपासणे म्हणतील. ते असेल तर हे असते, ते नसेल तर हे नसते.

योगायोगाची गोष्ट अशी की चंडीपुरा विषाणू मिळाला त्याच १९६५ साली लंडनमध्ये ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल याने निव्वळ सहसंबंधापासून कारणापर्यंत जाताना पाहायच्या नऊ बाबी मांडल्या, आणि त्याच वर्षी जे. एल. मॅकी या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाने कारणांवरचा आपला निबंध प्रसिद्ध केला. हिलने आपल्या नऊ बाबींना कसोट्या म्हणायचे टाळले. त्यांतली एकही सक्तीची नाही, असे त्याने बजावले होते. पाठ्यपुस्तकांनी मात्र त्यांची यादी करून टाकली.

जपानी मेंदूज्वराचा विषाणू हा निःसंशय कारण मानला जातो. १९३५ मध्ये जपानमध्ये तो वेगळा करण्यात आला, भारतात १९५५ मध्ये वेल्लोरच्या परिसरात या रोगाची पहिली ओळख पटली. भातखाचरातला क्युलेक्स डास, बगळे आणि डुकरे असे त्याचे फिरते घर आहे. माणूस म्हणजे त्याच्यासाठी बंद गल्ली. तरीही संसर्ग झालेल्या सुमारे २५० जणांपैकी एकालाच गंभीर आजार होतो. न्यायाच्या भाषेत हा अन्वयव्यभिचार: कारण हजर, कार्य गैरहजर. मग कारणाला कारण कसे म्हणायचे? नैयायिकांचे उत्तर असे की एकटे कारण कधीच कार्य करत नाही, सामग्री करते. बीज, माती, पाणी, ऊन हे सगळे जुळल्यावर अंकुर फुटतो. सामग्रीत एक अभावही मोजावा लागतो. चंद्रकांत मणी जवळ ठेवला तर अग्नी जाळत नाही, या जुन्या समजुतीवर मीमांसक आणि नैयायिक कडाकडा भांडले. मण्याने अग्नीची शक्ती मारली, असे मीमांसक म्हणत. शक्ती नावाचा वेगळा पदार्थ कशाला हवा, प्रतिबंधकाचा अभाव हेही एक कारणच, असे नैयायिक म्हणत. मणी खोटा असला तरी युक्तिवाद खरा निघाला. २००६ पासून भारतात जपानी मेंदूज्वराची लस मुलांना देऊ लागले. डास तोच, विषाणू तोच, आणि लस टोचलेल्या मुलात आजार नाही. लसीचा अभाव हा तिथे कारणसामग्रीचा भाग होता, असे म्हणण्यात अलंकार काहीच नाही.

उलट बाजूचा व्यभिचार अधिक त्रासदायक आहे: कार्य हजर, ठरलेले कारण गैरहजर. पूर्व उत्तर प्रदेशातल्या गोरखपूरने तो पुरेपूर भोगला. २००५ च्या साथीत त्या राज्यात हजाराहून अधिक बळी गेले, बहुतेक मुले. लसीकरणानंतर जपानी मेंदूज्वराचे प्रमाण उतरले, पण पावसाळ्यात खाटा भरायच्या थांबल्या नाहीत. वर्षानुवर्षे त्या मुलांची नोंद दुसरा कुठलासा विषाणू असेल या समजुतीवर होत राहिली. साधारण दहा वर्षांनी झालेल्या तपासण्यांत त्यांतल्या निम्म्याहून अधिक मुलांत स्क्रब टायफसची प्रतिपिंडे मिळाली. हा विषाणू नव्हेच. झुडपांतल्या बारीक माइटच्या अळीतून येणारा जिवाणू आहे आणि डॉक्सिसायक्लिन, अ‍ॅझिथ्रोमायसिन यांसारख्या स्वस्त गोळ्यांना तो दाद देतो. ‘विषाणू’ हा शब्द आधीच ठरून गेला होता, म्हणून गोळीचा विचार उशिरा झाला. शब्दाने जीव घेतल्याची अशी उदाहरणे तर्कशास्त्राच्या पुस्तकात घालायला हवीत.

मलेशियात १९९८-९९ मध्ये हीच चूक वेगळ्या वाटेने झाली. डुक्करपालकांत मेंदूज्वर पसरला, तो जपानी समजून डासांवर धूर फवारला गेला, लशी टोचल्या गेल्या. पण आजारी पडत होते ते मुले नव्हेत, प्रौढ. शिवाय डुकरेही खोकत होती. मार्च १९९९ मध्ये निपाह विषाणू हाती आला तोवर माणसे बरीच गेली होती. एकूण २६५ रुग्णांपैकी १०५ मरण पावले आणि दहा लाखांहून अधिक डुकरे मारावी लागली.

एकाच लक्षणामागे अनेक कारणे कशी, याला न्यायात ‘तृणारणिमणिन्याय’ म्हणतात. अग्नी गवतातून होतो, अरणी घासून होतो आणि मण्यावर ऊन पडूनही होतो. मग यांतले एकही अग्नीचे नियत कारण राहत नाही, असा आक्षेप येतो. त्यावर एक तोडगा असा सुचवला गेला की तिन्ही अग्नी एकाच जातीचे नाहीत. डोळ्यांना सारखे दिसले तरी त्यांच्यात वैजात्य आहे. दहाव्या शतकातल्या उदयनाने ‘न्यायकुसुमांजली’त या प्रश्नाची चिकित्सा केली आहे. आधुनिक वैद्यकाने सिंड्रोमचे केले ते हेच. ‘मेंदूज्वर’ नावाचा एक अग्नी मोडून त्याचे जपानी, चंडीपुरा, निपाह, हर्पिस, स्क्रब टायफस असे वेगवेगळे अग्नी केले.

उदयन मिथिलेचा. चौदाव्या शतकात नव्यन्यायाचा पाया घालणारा गंगेश उपाध्यायही तिथलाच. आणि बिहारातले मुजफ्फरपूर आहे ते याच मिथिलेत, प्राचीन तिरहुत प्रदेशात. तिथे १९९५ पासून दर उन्हाळ्यात, लिचीच्या हंगामात, मुले मरत आली. लोक त्याला ‘चमकी बुखार’ म्हणतात. संध्याकाळपर्यंत खेळणारे मूल पहाटे आकडीत सापडायचे आणि दुपारपर्यंत संपायचे. पाऊस आला की साथ थांबायची. विषाणूचा शोध वर्षानुवर्षे चालला आणि हाती काही लागले नाही. कण्यातल्या पाण्यात दाहाची खूणच नसायची. म्हणजे ज्याला सगळे मेंदूचा दाह म्हणत होते तो दाहच नव्हता.

टी. जेकब जॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिचीतल्या एका घटकाकडे बोट दाखवले. जमैकात अ‍ॅकी नावाचे फळ कच्चे खाल्ल्याने होणारा आजार असाच असतो, आणि अ‍ॅकी लिचीच्याच कुळातले. २०१४ मध्ये भारतीय आणि अमेरिकन तज्ज्ञांनी मिळून तपास केला. २६ मे ते १७ जुलै या काळात दाखल झालेल्या ३९० मुलांपैकी १२२ दगावली. १०४ आजारी मुलांची तेवढ्याच इतर मुलांशी तुलना केली, तेव्हा लिची खाण्याशी आजाराचा संबंध स्पष्ट निघाला. आदल्या रात्री जेवण न मिळण्याशीही निघाला. आणि रात्री उपाशी झोपलेल्या मुलांत लिचीचा परिणाम कितीतरी तीव्र होता. लिचीतले हायपोग्लायसिन-ए आणि एमसीपीजी हे घटक शरीराला चरबी जाळून साखर तयार करू देत नाहीत. पोट भरलेल्या मुलाच्या यकृतात रात्र काढण्यापुरता साठा असतो. कुपोषित मुलाच्या यकृतात तो नसतो. पहाटे साखर तळाला जाते आणि मेंदू विझतो. शिरेतून वेळेवर साखर दिली, तर मूल वाचते.

आता ‘कशाने झाले?’ लिचीने, हे उत्तर अपुरे आहे. बागमालकाची पोरे तीच लिची खातात आणि त्यांना सहसा काही होत नाही. या ठिकाणी न्यायातली ‘उपाधी’ ही कल्पना अगदी नेमकी बसते. जिथे अग्नी तिथे धूर, असे म्हणता येत नाही. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुराला ओले सरपण लागते. ओले सरपण ही तिथली उपाधी, आणि ती न पाहता मांडलेली व्याप्ती, म्हणजे अटळ साहचर्याचा नियम, खोटी. मुजफ्फरपूरचे ओले सरपण म्हणजे रिकामे पोट. गंगेशाने ‘तत्त्वचिंतामणी’त उपाधीवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले. ज्या मातीत ते लिहिले गेले त्याच मातीत सातशे वर्षांनी तिचे इतके भयंकर उदाहरण मिळावे, यापुढे टीकाकाराने काय बोलावे.

मॅकीच्या निबंधाचा गाभा हाच आहे. घराला आग लागली आणि तज्ज्ञ म्हणाले शॉर्टसर्किटमुळे. शॉर्टसर्किट पुरेसे नव्हते, जवळ लाकूड हवे होते; आवश्यकही नव्हते, आग इतर कशानेही लागू शकते. तरी जुळून आलेल्या त्या विशिष्ट संचातला तो असा घटक होता की त्याच्याविना तो संच निष्फळ ठरला असता. मुजफ्फरपुरात लिची अशी आहे, आणि भूकही अशीच आहे. मग दोघांपैकी ‘कारण’ हे पद कोणाला द्यायचे? आर. जी. कॉलिंगवुड या इंग्रज तत्त्वज्ञाने १९४० मध्ये म्हटले होते की व्यवहारात माणूस ज्याला हात घालू शकतो त्यालाच कारण म्हणतो. चढावर बंद पडलेल्या गाडीचे कारण मेकॅनिकला एक दिसते, रस्ता बांधणाऱ्याला दुसरे. डॉक्टरच्या हातात साखरेची बाटली आहे, सरकारच्या हातात धान्य आहे. विषाणूला कारण म्हटले की जबाबदारी डासावर जाते, भुकेला म्हटले की शिधापत्रिकेवर. कारणाची निवड ही निव्वळ ज्ञानाची बाब राहत नाही, तिच्यात न्यायनिवाडा मिसळलेला असतो. २०१४ नंतर मुलांना रात्री जेवू घालण्याचा सल्ला गावोगाव गेला आणि संख्या घटली. २०१९ च्या जूनमध्ये मात्र त्याच भागात पुन्हा शंभराहून अधिक मुले गेली.

धर्माचा प्रश्न इथेच येतो. मूल निष्पाप असते, मग त्याच्याच वाट्याला हे का? कर्मसिद्धांताचे प्रचलित उत्तर पूर्वजन्माकडे बोट दाखवते. पण शास्त्र तेवढे सोपे नाही. न्यायमतात अदृष्ट, म्हणजे पूर्वकर्माचा न दिसणारा ठेवा, हे कारण आहेच. मात्र ते ‘साधारण कारण’ आहे, काळ आणि दिशा यांच्यासारखे. प्रत्येक कार्याच्या मागे ते सारखेच असते. म्हणून ‘हे मूल आज या तापाने का गेले’ याचे विशेष उत्तर त्यातून निघू शकत नाही; विशेष कार्याला असाधारण कारणच शोधावे लागते. अदृष्ट मानणाऱ्यालाही कण्यातले पाणी तपासण्यापासून सुटका नाही, असा याचा अर्थ होतो.

चरकसंहितेच्या विमानस्थानात जनपदोद्ध्वंसावर एक अध्याय आहे. प्रकृती, आहार, वय सगळे वेगवेगळे असताना एकाच वेळी एकाच रोगाने माणसे का मरतात, असे अग्निवेश विचारतो. वायू, जल, देश आणि काल हे सर्वांना समान असतात, ते बिघडले की साथ येते, असे आत्रेय सांगतात. ते का बिघडतात? अधर्मामुळे. पण हा अधर्म मरणाऱ्या मुलाचा नव्हे. देशाचे, नगराचे, जनपदाचे प्रमुख धर्म सोडून वागू लागतात आणि त्यांच्यापासून तो खाली पसरतो, असे तिथे सांगितले आहे. हा क्रम सोयीस्करपणे विसरला जातो. पाली संयुत्तनिकायात मोळिय सीवक बुद्धाला विचारतो की माणूस जे जे भोगतो ते सगळे पूर्वकर्मानेच, हे खरे का? बुद्ध आठ कारणे मोजतो: पित्त, कफ, वात, त्यांचा संनिपात, ऋतुबदल, बेपर्वा वागणूक, बाहेरचा आघात आणि कर्म. आठांपैकी एक. बाकीची सात नाकारणारे, अनुभवाच्या आणि लोकांनी खरे मानलेल्या गोष्टींच्या पलीकडे धाव घेतात, असे त्याचे म्हणणे आहे. महाराष्ट्रातल्या गावांनी मरीआईचा गाडा वेशीबाहेर नेऊन सोडला, त्यामागेही रोग बाहेरून येतो ही समज होतीच. गाडा पुढच्या गावाच्या शिवेत जाई, ही गोष्ट वेगळी.

सगळी हत्यारे वापरूनही बरीच प्रकरणे उत्तराविना राहतात. कॅलिफोर्नियात १९९८ ते २००५ या काळात मेंदूज्वराचे १५७० रुग्ण उत्तम प्रयोगशाळांत तपासले गेले; साठ टक्क्यांहून अधिक रुग्णांत कारण कळले नाही. पुढे शरीराच्या स्वतःच्या प्रतिपिंडांमुळे होणारा, एनएमडीए ग्राहकांवरचा मेंदूदाह २००७ मध्ये ओळखला गेला आणि अशा काही ‘अज्ञात’ तरुण रुग्णांना मागाहून नाव मिळाले. त्यांच्या नोंदीत कोणी ‘अदृष्ट’ लिहिले असते, तर नमुने जपून ठेवायचे कारण उरले नसते.

२०२४ मध्ये चंडीपुरा पुन्हा आला. जूनच्या सुरुवातीपासून १५ ऑगस्टपर्यंत देशात तीव्र मेंदूज्वराचे २४५ रुग्ण नोंदले गेले, ८२ मरण पावले. विषाणूची खात्री ६४ जणांत झाली. त्यांतले ६१ गुजरातचे, ३ राजस्थानचे. या विषाणूवर लस नाही आणि नेमके औषधही नाही. वाळूमाशी मातीच्या भिंतींच्या भेगांत राहते. त्या पावसाळ्यात गुजरातच्या गावांत आरोग्य कर्मचारी घरोघर जाऊन भेगांत मॅलॅथिऑनची भुकटी मारत होते.